कुरुळीचे आरमार

निष्काम कर्मयोगावर मी आजवर किमान वीस व्याख्याने ऐकली असतील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यान ऐकणे हा आम्हा पुणेकरांचा कुटिरोद्योग होऊन बसला आहे. आणि व्याख्यान म्हटले की आज ना उद्या कर्मयोग आलाच. वक्ते उपरणे सावरीत सांगतात, की बाबांनो, कर्म करा, फळाची आशा धरू नका. आम्ही माना डोलावतो. मग आभारप्रदर्शन होते, वक्त्यांना नारळ आणि पाकीट देण्यात येते आणि सभा बरखास्त होते. नारळ हे फळ आहे की काय, या मुद्द्याला कुठलाही वक्ता हात घालीत नाही. पाकिटाला घालतो.

निष्काम कर्म प्रत्यक्ष करणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. तो खांद्यावर उपरणे घेत नाही, ग्रीसने माखलेली चिंधी घेतो. तो कुरुळीला राहतो आणि नात्याने माझा साडू लागतो.

कुरुळी कुठे आली, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. पुण्याहून नाशिक रस्त्याला लागावे. भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा येतो आणि त्याच्या पाठोपाठ कुरुळी. पुढे चाकण. उजव्या अंगाला, फार लांब नाही, आळंदी. ज्ञानेश्वरांनी तिथे निर्जीव भिंत चालवली असे आपण मानतो. आणि आता त्याच मुलखात जगभरच्या कंपन्यांच्या सजीव मोटारी तयार होतात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्याबरोबर चाकणच्या चौकात भिंतीसारख्या उभ्या राहतात. काळाचा महिमा, दुसरे काय!

आमचे साडू या पट्ट्यातले जुने खोड. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी पंचवीस वर्षे काढली. मग एके दिवशी कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. या शब्दातली स्वेच्छा कारखान्याची असते आणि निवृत्ती कामगाराची, हे त्यांना पत्र वाचल्यावर समजले. त्यानंतर त्यांनी कुरुळीतल्या लहानसहान शेडमधून फुटकळ कामे केली. गुडघे बोलू लागले तेव्हा तेही सुटले. राहिले ते हात. माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या हातांना कोणी पत्र देत नाही, ही यातली खरी अडचण आहे.

अशा स्थितीत २०२५ सालचा फेब्रुवारी उजाडला. नदीच्या अलीकडे, चिखलीजवळच्या कुदळवाडीत, भंगाराचे एक अख्खे नगर वसलेले होते. महापालिकेने त्या महिन्यात बुलडोझर लावून ते जमीनदोस्त केले. जो तो आपापला माल मिळेल त्या भावात काढू लागला. आमचे साडू तिथे एक व्हाइस आणायला म्हणून गेले आणि संध्याकाळी छोट्या हत्तीच्या पाठीवर एक वॉटर स्कूटर घालून घरी आले.

वॉटर स्कूटर म्हणजे काय ते वाचकांना ठाऊक असेलच. मालवणला, अलिबागला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर नवविवाहित जोडपी जिच्यावर बसून फोटो काढतात, तीच ती पाण्यावरची फटफटी. अमेरिकेत क्लेटन जेकबसन नावाचा मोटारसायकलच्या शर्यती खेळणारा एक गडी होता, त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, आणि १९७३ साली कावासाकी कंपनीने ती बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे वास्तविक त्या कंपनीचे व्यापारी नाव. पण आपण जसे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो, तसे आता जग अशा कुठल्याही वाहनाला जेट स्की म्हणते. कावासाकी हे नाव आमच्या साडूंना परके नव्हते. बजाजने १९८६ साली त्याच कंपनीच्या सहकार्याने केबी हंड्रेड ही मोटारसायकल काढली होती आणि साडूंनी ती दहा वर्षे चालवली होती. समुद्र मात्र त्यांना पूर्ण परका होता. कुरुळीहून समुद्र शंभरावर किलोमीटर, आणि वाटेत सह्याद्री आडवा.

“ही आणलीत कशाला?” आमच्या मेहुणीबाईंनी विचारले. त्या माझ्या पत्नीच्या थोरल्या बहीण; आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

“टाकून देत होते,” साडू म्हणाले.

हे उत्तर झाले का? पण त्यांच्या दृष्टीने झाले होते. लोखंडाला भंगारात भाव असतो, कारण ते वितळते. अ‍ॅल्युमिनियमला त्याहून जास्त, कारण तेही वितळते. पण या वॉटर स्कूटरची काया फायबरची. फायबर एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणून भंगारवालासुद्धा ते घेत नाही. तो इंजिन ओरबाडून घेऊन उरलेला सांगाडा फेकून देणार होता. भंगारानेही नाकारलेली वस्तू! स्वेच्छानिवृत्तीचे पत्र वाचलेल्या माणसाने ती कशी सोडावी?

गावात व्हायची ती चर्चा झाली. एकाने विचारले, की ही बैलगाडा शर्यतीत पळवणार का? दुसऱ्याने तिला ‘कुरुळीचे आरमार’ असे नाव दिले आणि ते चिकटले. कोणी म्हणाले, इंद्रायणीत सोडा, नाहीतरी तिथे फेस आयताच आहे. अक्का कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तिच्यावर एक जुने लुगडे पांघरले. आलेगेले विचारू नयेत म्हणून.

मी पुण्याहून बघायला गेलो तेव्हा साडू अंगणात तिच्या पोटात कमरेपर्यंत शिरले होते. बाहेर नुसते पाय दिसत होते.

“उपयोग काय याचा?” मी पायांना विचारले.

“उपयोग काय असायचा, पाहुणे,” आतून आवाज आला, “बिघडलीय.”

बघा, सुशिक्षित माणूस असे बोलत नाही. आपण एखादी वस्तू दुरुस्त करायची की नाही हे ती कामाची आहे की नाही यावर ठरवतो. या माणसाला ‘बिघडलीय’ एवढेच कारण पुरत होते. आजारी माणसाचा उपयोग काय, असे विचारून वैद्य नाडी बघत नाही, तशातलाच हा प्रकार.

दुखणे पेट्रोलचे होते. इंजिन चालू होई, पाचसहा मिनिटे छान घुमे, मग उचकी लागल्यासारखे करी आणि बंद पडे. अशा दुखण्यात कोणताही मिस्त्री पहिल्यांदा कार्बोरेटर उघडतो. साडूंनी उघडला. आत पेट्रोल गाळायची एक इवलीशी जाळी असते, अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्यावर हिरवट चिकट लगदा साठलेला. तो साफ केला, हवा मारली, जोडले. गाडी चालू! अक्कांनी साखर वाटली. चार दिवसांनी पुन्हा उचकी. पुन्हा कार्बोरेटर उघडला. पुन्हा तोच हिरवा लगदा.

इथे सामान्य माणूस पेट्रोलला दोष देतो, आणि हल्ली तो द्यायला सोपाही झाला आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले पुष्कळसे उसापासून येते. म्हणजे ज्या उसाने महाराष्ट्राचे राजकारण इतकी वर्षे चालवले, तोच आता स्कूटरही चालवतो. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. ते हवेतला दमटपणा शोषते, आणि पाणी फार झाले की ते पाणी बरोबर घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसते. जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते. साडूंनी टाकी रिकामी केली, धुतली, वाळवली, ताजे पेट्रोल आणले. त्यात मापाने ऑइल घातले. कारण हे इंजिन जुन्या लुनासारखे, एम-एटीसारखे टू-स्ट्रोक. गाडी चालू! चार दिवसांनी उचकी!

चाकणचा किल्ला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला. या कार्बोरेटरने साडूंना तितकेच झुंजवले. शिवाय शायिस्ताखानापाशी पाणी तरी होते. वॉटर स्कूटर पाण्यावर चालते हे खरे, पण तिचे इंजिन थंडही पाण्यानेच होते. जमिनीवर ती क्षणभर चालवायची तरी नळी जोडून पाणी द्यावे लागते. त्यातही शिस्त अशी, की आधी इंजिन चालू करायचे, मग पाणी सोडायचे. आणि बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटे केले तर पाणी धुराड्यातून मागे सरकून थेट सिलिंडरमध्ये जाते. तेव्हा साडू किल्लीपाशी, अक्का नळापाशी, आणि मी दोघांच्या मध्ये निरीक्षक म्हणून उभा, अशी रचना असे. “चालू!” असा पुकारा झाला की अक्का तोटी सोडीत. टँकरची वाट बघणाऱ्या शेजारणी कळशा कमरेवर घेऊन हा सोहळा पाहत. “पाण्यात चालायची गाडी, नि पाणी पिऊन बसलीय,” एक म्हणाली. तिचे चुकले असे मला म्हणवेना. त्या दिवसापासून साडूंनी चाचणी दोन मिनिटांवर आणली आणि तीही आठवड्यातून एकदा.

तिसऱ्यांदा जाळी तुंबल्यावर मात्र त्यांनी कार्बोरेटर उघडलाच नाही. ओट्यावर बसून त्यांनी एक विडी ओढली आणि मला म्हणाले, “पाहुणे, टाकी स्वच्छ, पेट्रोल स्वच्छ, कार्बोरेटर स्वच्छ. मग घाण येते कुठून?”

मी म्हणालो, “तुम्हीच सांगा.”

“आणणाराच घाण करतोय,” ते म्हणाले, आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी पेट्रोलची नळी त्यांनी काढली. करड्या रंगाची, बाहेरून कशी छान! चीर नाही, भेग नाही, गळती नाही. त्यांनी ती ब्लेडने उभी चिरली. आतून ती विरघळत चालली होती. तोच हिरवा चिकट लगदा आतल्या अंगाला बोटभर लांबीवर लोंबत होता. नव्वदच्या दशकातल्या काही वॉटर स्कूटरमध्ये या जातीची नळी घालीत असत आणि वयोमानाने ती आतल्या आत अशी वितळते, हे पुढे आम्हाला कळले. पेट्रोल पोचवणे हे जिचे एकमेव काम, तीच पेट्रोलमध्ये आपली घाण मिसळत होती. जाळी बिचारी इमानाने अडवीत होती आणि अडवता अडवता तुंबत होती. आणि आम्ही तिलाच पुन्हा पुन्हा बाहेर काढून झोडपीत होतो. सार्वजनिक जीवनाविषयी इथे पुष्कळ लिहिता येईल. पण वाचक सुजाण आहेत.

साडूंनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी सिलिंडर उघडला होता. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा कोरलेला होता. म्हणजे इंजिन पूर्वी सीझ झाले होते आणि कोणीतरी सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवला होता. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी पोचले की वंगणही कमी पोचते. इंजिन तापते आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो. गंमत अशी, की उपाशी इंजिन मरण्याच्या आधी थोडा वेळ नेहमीपेक्षा जोरात पळते. वरच्या माणसाला वाटते, वा, काय सुटलीय आज!

“पिस्टन बदलला, बोअर केला,” साडू म्हणाले, “एवढा खर्च केला, नि दोन फूट नळी नाही बदलली. तशीच समुद्रात सोडली.”

“त्यांना माहीत नसेल.”

“नळी चिरली असती म्हणजे माहीत झालं असतं.”

आता यात निष्काम कर्म कुठे आले? तेही आले. एप्रिल महिना होता. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यात फिरवण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ कोणाकडून तरी ऐकून कुरुळीला आला. मे महिन्याची गर्दी तोंडावर. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, तेव्हा कमाई करायची ती आताच. त्याने स्कूटर पाहिली, लुगडे बाजूला करून चारी बाजूंनी थोपटली आणि एक आकडा सांगितला. तो ऐकून माझ्या हातातला चहा हिंदकळला.

त्या आकड्याला त्या घरात महत्त्व होते. अक्कांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करायचे ठरून सहा महिने झाले होते, ते पैशापायीच लांबले होते. आकडा कानावर पडल्याबरोबर सगळ्यांनी अक्कांच्या डोळ्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले.

“चालू करून दाखवा,” पाहुणा म्हणाला.

नवी नळी अजून यायची होती. ती नसली तरी दाखवणे अवघड मुळीच नव्हते. कुठल्याही मिस्त्रीला विचारा: पेट्रोलची एक बाटली उंच धरायची आणि दुसरी एखादी नळी तिच्यातून थेट कार्बोरेटरला लावायची. इंजिन सनईसारखे वाजले असते. जुन्या नळ्या परत बसवून गाडी टेम्पोत चढवली असती आणि टेम्पो ताम्हिणी घाट उतरेपर्यंत पैसे बँकेत जमा झाले असते.

साडू म्हणाले, “अजून तयार नाही. आतल्या नळ्या खराब आहेत. पंधरा दिवस थांबा.”

“नळ्या काय, आम्ही टाकू तिकडे.”

“कधी टाकाल?”

“सीझन झाल्यावर बघू की.”

“मग सीझन झाल्यावर या,” साडू म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतले. म्हटले, साडूभाऊ, तुम्ही दोष लपवलेला नाही. स्पष्ट सांगितलेत. आता बदलणे न बदलणे त्यांच्याकडे. तुमचे कर्म तुम्ही केलेत, पुढे काय होते त्याची चिंता तुम्ही कशाला करता? एवढा कर्मयोग मी त्यांना ऐकवला. वीस व्याख्याने कधीतरी उपयोगाला यायचीच.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. मला वाटले, आता सुटलो. डोळा यांचा, निर्णय यांचा. अक्कांनी पाहुण्याला विचारले, “हिच्यावर तुम्ही सोता बसणार का?”

“छे हो मावशी. गिऱ्हाईक बसणार.”

“पोहता येणारं?”

पाहुणा हसला. “जाकीट असतं त्यांना.”

“मग नको,” अक्का म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. आत गेल्यावर मात्र त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, “यांचं कर्म निष्काम, नि मोतीबिंदू माझा!” हेही नोंदवून ठेवले पाहिजे, कारण संसारात निष्काम कर्माचा खर्च बहुधा बायकोच्या खात्यावर पडतो आणि त्याबद्दल कोणी व्याख्यान देत नाही.

त्या रात्री पुण्याला परत येताना, म्हणजे चाकण-भोसरी रस्त्यावरच्या कोंडीत बसून, मी या गोष्टीचा विचार केला. विचारासाठी त्या रस्त्यावर भरपूर वेळ मिळतो. माझ्या लक्षात आले ते असे. फळाची आशा सोडणे आणि परिणामाची काळजी सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फळ आपल्याला मिळायचे असते. परिणाम दुसऱ्याला भोगायचा असतो. आपल्या वाट्याचे सोडले तर ते वैराग्य. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून दिले तर तो निव्वळ कामचुकारपणा, मग त्याला नाव कोणतेही द्या. आम्ही मध्यमवर्गीय मंडळी या दोहोंची मोठ्या सफाईने अदलाबदल करतो. फळाच्या बाबतीत आम्ही दक्ष असतो: पगारवाढ, पेन्शन, फंड, व्याज. परिणामाच्या बाबतीत विरक्त. “आपण आपलं काम केलं, पुढचं पुढच्याला” हे वाक्य कुठल्याही कचेरीत दिवसातून दहादा ऐकू येते. त्याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. निष्काम कर्माच्या जोडीला त्यात लोकसंग्रह हा शब्द ठाण मांडून बसलेला आहे. कर्म कोणासाठी करायचे, याचे उत्तर त्या शब्दात आहे. पण व्याख्यानात पहिला तास फळाच्या आशेवर जातो, आणि लोकसंग्रहाशी येईतो वक्त्यांच्या गाडीची वेळ झालेली असते.

दोनच महिन्यांनी, १५ जून २०२५ रोजी, याच इंद्रायणीवर कुंडमळ्याला जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसे गेली. पूल जुना आहे हे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होते. वर्तमानपत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती करडी नळी आली. बाहेरून धड, आतून संपलेली. या प्रसंगावर विनोद करू नये आणि मी करीत नाही. एवढेच म्हणतो, की नळी उभी चिरून बघणारा माणूस प्रत्येक ठिकाणी एकेक असावा.

साडूंनी पंधरा दिवसांत नळ्या बदलल्या. टाकीपासून कॉकपर्यंत, कॉकपासून फिल्टरपर्यंत, तिथून दोन्ही कार्बोरेटरपर्यंत आणि जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी पण, सगळ्या. काळ्या, इथेनॉल सोसणाऱ्या. कॉकही बदलला; जुना कॉक हवा ओढतो म्हणाले. पंपाचे पडदे नवे घातले. मग त्यांनी सीट काढून तासभर बाजूला ठेवली, कारण पोटात पेट्रोलची वाफ कोंडून राहिली तर ठिणगीसरशी भडका उडतो. मग “चालू!” आणि अक्कांनी तोटी सोडली. इंजिन पहिल्या फटक्यात लागले. पुढच्या आठवड्यातही लागले. त्याच्या पुढच्याही. उचकी गेली ती गेलीच.

मग मीच म्हटले, आता एकदा भामा आसखेडच्या धरणात नेऊन चालवून तरी पाहा. इतके केलेत, जरा मजा करा.

“ते पाणी लोक पितात,” साडू म्हणाले.

त्यांचे म्हणणे असे, की जुने टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलचा बराचसा भाग न जाळता तसाच धुराड्यातून टाकते, ऑइलसकट. रस्त्यावर तो हवेत जातो, इथे सरळ पाण्यात. मी घरी येऊन चाळले, तर अमेरिकेतल्या टाहो सरोवरात याच कारणासाठी १९९९ सालापासून कार्बोरेटरची टू-स्ट्रोक इंजिने बंद केली आहेत, असे निघाले. साडूंनी टाहोचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांनी फक्त आपल्या हाताचा वास घेतला होता.

म्हणजे हिशेब असा झाला, की अडीच महिने खपून एक वाहन उत्तम चालू केले. ते विकले नाही, कारण तेव्हा ते नीट नव्हते. आणि नीट झाल्यावर चालवले नाही, कारण पाणी दुसऱ्यांचे. तुमच्याआमच्या वहीत ही शुद्ध बुडीत रक्कम. पण एक गोष्ट मी पाहिली. या वाहनाला बाहेर पंखा नसतो. ते पोटातून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते. हँडल वळवले की ते तोंड वळते आणि गाडी वळते. त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला की नुसते हँडल कितीही फिरवा, गाडी आपली नाकासमोर सरळ जाते. वळायचे तर जोर लावावाच लागतो. नवशिक्याला समोर काही दिसले की तो घाबरून जोर सोडतो आणि नेमका त्याच्यावरच जाऊन आदळतो. कारखान्याचे पत्र आल्यापासून आमचे साडू असेच हँडल फिरवीत बसले होते. त्या अडीच महिन्यांत त्यांची गाडी वळली. आता शेजारची आयटीआयची दोन पोरे संध्याकाळी येऊन बसतात. साडू त्यांना चिरलेली नळी दाखवतात आणि आणखी काहीच सांगत नाहीत. पोरे पुष्कळ वेळ ती नळी बोटांनी चाचपत बसतात.

अक्कांचे ऑपरेशन पावसाळ्यात झाले. पैसे भिशीतून आले. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसू लागल्यावर त्या अंगणातल्या आरमाराकडे बघून म्हणाल्या, “एवढी मोठी आहे होय ही?”

तिला उपयोगही सापडला होता. त्या वैशाखातच अक्कांच्या ध्यानात आले होते, की हिची सीट लांबरुंद आहे, उन्हात आहे आणि मुंग्यांच्या वाटेपासून उंच आहे. त्यांनी लुगडे धुऊन तिच्यावर अंथरले आणि कुरडया वाळत घातल्या. साडू काही बोलले नाहीत. त्यांनी आदल्या दिवशीच टाकी तळापर्यंत रिकामी करून ठेवली होती आणि झाकण उघडून तिला दिवसभर वारा दिला होता. कुरडयांना पेट्रोलचा वास लागू नये म्हणून.

दिवाळीत डबा भरून कुरडया आमच्याकडे आल्या. मी तळून खाल्ल्या. वास नव्हता.